पेलाभर बॉयलर

नव्वदच्या दशकात आमच्या भागात लग्नाचं रिसेप्शन असलं की हॉलच्या एका कोपऱ्यात, आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी, 'एस्प्रेसो'चं यंत्र लागायचं. स्टीलचं उभं पिंप, त्यावर दाबाचा गोल काटा, बाजूला वाकडी नळी. कपात चमचाभर कॉफी पावडर, दोन चमचे साखर, वरून दूध, आणि मग नळी आत बुडवून वाफ सोडायची. फुस्स! वर फेसाचा डोंगर आणि डोंगरावर चॉकलेट पावडरची चिमूट. पोरं दोन-दोन कप प्यायची आणि रात्री झोपायची नाहीत. मी स्वतः ती कॉफी आवडीने प्यायलोय, आजही मिळाली तर पिईन. फक्त तिच्यात एस्प्रेसोतलं काही नसायचं. वाफेने दूध तापवणं हे खऱ्या एस्प्रेसो यंत्राचं जोडकाम. मुख्य काम, कॉफीतून दाबाने पाणी ढकलण्याचं, आपल्याकडे येता येता वाटेत गळालं आणि जोडकामालाच नाव मिळालं.

त्यामुळे घरी एस्प्रेसोचं यंत्र आहे म्हटलं की आमच्या पिढीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ते पिंप येतं. आणि त्याच्या हातात तीस-चाळीस मिलिलिटर काळी, दाट कॉफी असलेला कप दिला की तो बराच वेळ कपाकडे बघत बसतो. उरलेली कधी येणार, असा चेहरा.

मी कॉफीतला जाणकार नाही हे आधीच सांगतो. साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये मी 28 वर्षं काढली. कॉफीशी संबंध म्हणजे घरातली जायफळ घातलेली दुधाळ कॉफी, तीही उपासाला किंवा पाहुणे आले तर. निवृत्तीनंतर मुलीची बदली बेंगळुरूला झाली, नव्या घराचा ओटा लहान निघाला आणि तिचं वापरलेलं यंत्र आमच्याकडे आलं. "बाबा, रोज चालू करत जा, नुसतं पडून राहिलं तर खराब होईल," एवढीच सूचना. मी सवयीने वरचं झाकण काढून आत डोकावलो. पंप, बॉयलर, थर्मोस्टॅट, जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह. सगळे ओळखीचे चेहरे, फक्त खेळण्याएवढे. आमचा कारखान्यातला बॉयलर तासाला टनांनी वाफ करायचा; याच्या पोटात 100 मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे धड पेलाभरही नाही. बॉयलरच्या कायद्यात 25 लिटरच्या आतलं भांडं बसत नाही, तेव्हा याच्या तपासणीला सरकारी निरीक्षक येणार नाही. ती तपासणी घरातल्याच कुणीतरी करायची असते आणि बहुतेक घरांत ती कुणीच करत नाही. ही पुस्तिका त्या कुणातरीसाठी लिहिली आहे.

पहिला धडा यंत्रानेच दिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी निम्म्यावर आलं आणि टँकर सुरू झाले. पिण्याचं पाणी आम्ही वेगळं भरत होतो, यंत्राच्या टाकीत मात्र नळाला येईल ते. जूनपर्यंत धार बारीक झाली. मी कॉफी जरा भरड दळून पाहिली, कमी घालून पाहिली, दुकान बदललं. चव कधी आंबट, कधी जळकी. मग एका सकाळी पंप नुसता घरघरला आणि थेंब आला नाही. प्लग काढला, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं, चार स्क्रू काढून बॉयलरचे दोन भाग वेगळे केले. आत भिंतीला राखाडी-पांढरा थर, नखाने टोकरला की जुन्या चुन्यासारखा पापुद्र्याने निघणारा. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी कच. ज्या गोष्टीवरून मी 28 वर्षं हाताखालच्या पोरांवर ओरडलो, ती माझ्याच ओट्यावर झाली होती. त्यातली एक खपली मी औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. यंत्र कुठलं घेऊ असं विचारायला कुणी आलं की आधी ती डबी उघडतो.

ज्यांच्या घरी बंब होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. तांब्याचा बंब, मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी. विहिरीचं पाणी असेल तर वर्षा-दोन वर्षांत आतून असा थर धरायचा की तेवढ्याच लाकडांत पाणी कोमट होऊन थांबायचं. बंबाची तोटी तुंबली की बाबा तारेने टोकरत बसायचे. एस्प्रेसोचं यंत्र त्याच घराण्यातलं आहे, आणि दुखणंही आनुवंशिक. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातला वायू उडून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट, म्हणजे सरळ खडूच, मागे बसतो. बसतो तो नेमका जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे: हीटरवर, थर्मोस्टॅटच्या बाजूला, अरुंद नळीच्या तोंडाशी. थर्मोस्टॅट आणि पाणी यांच्यामध्ये खडूची भिंत उभी राहिली की थर्मोस्टॅट एक तापमान मानतो आणि पाण्याचं असतं दुसरंच. माझी कॉफी एक दिवस आंबट, एक दिवस जळकी का, ते दळण्यात शोधत बसलो होतो. उत्तर भिंतीत होतं.

हिशोब करून बघा. बोअरच्या पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम कठीणपणा असणं अजिबात नवलाचं नाही. दोन-तीन कप, मध्ये मध्ये सोडलेलं पाणी, दुधासाठी वाफ, असं धरून दिवसाला पाऊण लिटर पाणी यंत्रातून गेलं तर वर्षाला 80 ग्रॅमच्या वर क्षार त्या पेलाभर पोटातून जातात. सगळे आत बसत नाहीत, बरेचसे कपातून आपल्या पोटात जातात. पण दहावा हिस्सा बसला तरी पुरतं. त्यात वाफ काढणाऱ्यांचं अधिक अवघड. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. पाणी उडत राहतं आणि मागे उरलेलं बासुंदीसारखं आटत जातं. कारखान्यात आम्ही यासाठी ठरावीक वेळेने बॉयलरच्या तळातून थोडं पाणी सोडून द्यायचो, ब्लोडाउन म्हणायचो. घरच्या यंत्रातही दूध झालं की बॉयलरमधून कपभर पाणी काढून टाकावं, नवं भरू द्यावं. फुकटचा उपाय आहे.

पाणी कसं ओळखायचं? शाळेत 'दुष्फेन' हा शब्द पाठ केलेला असतो, साबणाला फेस न येणारं ते. आमच्या आईची कसोटी तुरीच्या डाळीची होती: ज्या पाण्यात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो ते जड. ही कसोटी आजही चोख आहे, फक्त आकडा देत नाही. बाजारात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर आकडा देतो, पण तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र सांगतो, खडू किती आणि मीठ किती ते वेगळं सांगत नाही. माझं म्हणणं, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जा. तिथे पाण्याचा कठीणपणा मोजायची थेंबांची बाटली मिळते. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. तीन ते सहा थेंबांत रंग बदलला तर पाणी यंत्राला आणि कॉफीलाही मानवणारं. दहा-बाराच्या पुढे गेलात तर ते पाणी टाकीत घालू नका.

यावर बहुतेक जण म्हणतात, मग आरओचं घालतो. निव्वळ आरओचं पाणी दुसऱ्या टोकाचं. त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे कॉफीतून चव नीट सुटत नाही आणि धातूला ते पाणी हळूहळू खातं. शिवाय काही यंत्रांत पाण्याची पातळी ओळखायला विजेची सळई असते. ती पाण्यातल्या क्षारांतून जाणाऱ्या बारीकशा प्रवाहावर चालते. क्षारच नसतील तर सळईला पाणी दिसत नाही आणि यंत्र भरतच राहतं. तेव्हा आरओचं आणि नळाचं मिसळा, थेंब मोजा, प्रमाण एकदा ठरवून टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. आमच्या टाकीवर 'दोन आरओ, एक नळ' असं लिहिलंय. टँकर आला की तीनास एक.

आता हे यंत्र असं का झालं ते थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या वेड्यावाकड्या सवयी त्या इतिहासातून आल्या आहेत. इटलीत तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने 1884 मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेका कपासाठी पाणी सोडणारी रचना पेटंट केली. ते हक्क देसिदेरिओ पावोनीने विकत घेतले आणि यंत्रं बाजारात आणली. या यंत्रांत पाणी ढकलायला बॉयलरमधल्या वाफेचाच दाब वापरत, साधारण दीड बार. म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या थोडं वर. अडचण अशी की वाफेचा दाब वाढवायचा तर पाणी अधिक तापवावं लागतं, आणि अधिक तापलेलं पाणी कॉफी जाळतं. दाब आणि उष्णता एकाच दोरीला बांधलेले. आमच्या रिसेप्शनच्या पिंपाची गोष्ट इथवरच येते.

ती गाठ सोडवली आकिल्ले गाज्जियाने. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्याच्या यंत्रात लांब दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबायची आणि सुटताना ती पाणी ढकलायची. पाण्याची उष्णता एकीकडे, दाब दुसरीकडे. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपात वर पिवळसर-तांबूस साय दिसू लागली, जिला आज क्रेमा म्हणतात. पुढे 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्तेने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. त्या मॉडेलचं नाव ई-61, त्याच वर्षी इटलीत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या आठवणीसाठी ठेवलेलं. त्याचा पितळी जबडा, म्हणजे ग्रुप हेड, आजही घरगुती यंत्रांवर तसाच्या तसा बसवतात. घरोघरी पोचलेलं इटालियन भांडं मात्र वेगळं: आल्फोन्सो बियालेत्तीचं 1933चं ॲल्युमिनियमचं मोका. ते कुकरचंच भावंड, गॅसवर चालतं, खर्च नाही, वीज नाही. ज्यांना यंत्राची उठाठेव नको त्यांनी मोका घ्यावं आणि ही पुस्तिका परत करावी, मी राग धरणार नाही.

यंत्राच्या खोक्यावर '15 बार' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याला भुलू नका. तो आकडा पंपाचा, पाणी कुठेही न जाता अडलं तर तो जास्तीत जास्त किती रेटू शकतो याचा. कॉफीला नऊ पुरतात. हा पंप म्हणजे एक छोटा दट्ट्या, विजेच्या वारंवारितेवर सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होणारा. सकाळी शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातो तो घरघराट त्याचाच. यावरून एक सूचना, जी पुण्या-मुंबईत खरोखर लागते. मुलगा किंवा सून अमेरिकेहून येताना यंत्र घेऊन येते. ते 110-120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 व्होल्टला सरळ लावलंत तर हीटर ठरल्यापेक्षा तिपटी-चौपटीने वीज खेचतो आणि पहिली कॉफी व्हायच्या आत जळतो. दीड हजार वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो यंत्राएवढाच जड. त्यापेक्षा त्या पैशात इथलं घ्या. आणि इथलंही घ्याल तेव्हा जाड पिनांच्या 16 अँपियरच्या पॉवर प्लगलाच लावा. मिक्सरच्या सॉकेटमधून मल्टिप्लगवर चालवलेली यंत्रं आणि काळे पडलेले प्लग, दोन्ही पाहिलेत.

यंत्र कुठल्या जातीचं हे या पुस्तिकेत एका प्रकरणात आलंय, इथे एकाच जातीबद्दल बोलतो कारण ती मला फार आवडते. हीट एक्स्चेंजर म्हणतात तिला. मोठ्या बॉयलरमध्ये वाफ, आणि त्या वाफेच्या पोटातून एक बारीक नळी जाते, जिच्यातलं ताजं पाणी जाता जाता तापतं. बंब उलटा केल्यासारखा: बंबात पाण्याच्या पोटातून जाळ जातो, इथे वाफेच्या पोटातून पाणी. यंत्र बराच वेळ नुसतं तापत राहिलं तर नळीतलं पाणी फार तापतं, म्हणून कॉफीआधी थोडं सोडून द्यावं लागतं. चर्र आवाज थांबून शांत धार आली की ठीक. हे एकदा कानाला कळलं की थर्मामीटर लागत नाही.

पाण्यानंतर खर्च करायचाच असेल तर ग्राइंडरवर करा, यंत्रावर नंतर. मिक्सरमध्ये कॉफी दळू नका. मिक्सरचं पातं बिया तोडतं, त्यात पीठही होतं आणि कण्याही उरतात. पिठातून कडवटपणा येतो, कण्यांतून आंबटपणा, एकाच कपात दोन्ही. ग्राइंडर म्हणजे जातं. दोन दातेरी चकत्या, मधलं अंतर नेमकं ठेवलेलं. जात्यावर भरडायचं की दळायचं हे जसं वेगळं, तसंच इथे. फरक इतकाच की एस्प्रेसोत केसभर अंतर बदललं की 20 सेकंदांचे 35 होतात. आणि जात्याला जशी टाकी लावून घ्यावी लागते तशा या चकत्याही कधीतरी बोथट होतात, बदलाव्या लागतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालचं अंतर आज चालत नाही, त्याचा त्रागा करू नये. वरच्या भांड्यात किलोभर बिया ओतून ठेवण्याऐवजी लागतील तेवढ्याच मोजून घाला.

कॉफी करायची कृती एका परिच्छेदात मावते. यंत्र 15-20 मिनिटं तापू द्या, पोर्टाफिल्टर, म्हणजे मुठीचं भांडं, लावूनच. गार धातू उष्णता पिऊन टाकतो. 18 ग्रॅम दळलेली कॉफी, सपाट करून, सरळ दाबून. मूठ बसवा, लगेच सुरू करा. 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी वजनकाट्यावरच्या कपात यावी. लवकर आली तर बारीक दळा, उशिरा आली तर भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो, आणि सकाळी घाईत हेच मोडलं जातं. भाजल्या दिवसापासून आठवडाभर थांबून मग बिया वापरल्या तर फेस कमी उसळतो, चव स्थिर येते. क्रेमा जाड आली म्हणजे कॉफी चांगली, असंही नाही. क्रेमा म्हणजे भाजताना बियांत अडकलेला वायू आणि तेलाचे थेंब. नुसती चमच्याने चाखून बघा, कडूजार असते. रोबस्टा बिया घातल्या की ती आणखी जाड येते. आपल्या देशात पिकणारी बरीचशी कॉफी रोबस्टाच, आणि इटली तिचं फार जुनं गिऱ्हाईक आहे. म्हणजे आपल्या बिया तिकडे खऱ्या एस्प्रेसोत जात होत्या आणि आपण इकडे मांडवात फुस्स करत होतो.

एक गोष्ट मात्र यंत्रात कधीही घालू नका: फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड. दक्षिणी फिल्टरमध्ये ती थेंबाथेंबाने उतरते म्हणून छान लागते. दाबाखाली ती फुगून चिकट होते आणि जाळीला लेपासारखी बसते.

स्वच्छतेबद्दल सगळ्यात मोठा घोळ असा की लोक दोन वेगळ्या मळांना एकच औषध देतात. कारखान्यातही हे शिकवावं लागायचं, कुठल्या थराला कुठलं रसायन. पाण्याचा मळ खडूचा, त्याला आम्ल लागतं. कॉफीचा मळ तेलाचा, त्याला सोडा लागतो. ढोकळ्याला वापरतो तेच सायट्रिक ॲसिड, लिटरला 20 ग्रॅमच्या आसपास, खडूवर चालतं. तेलावर त्याचा काही परिणाम नाही. कॉफी-यंत्रांसाठी मिळणारी क्षारीय धुण्याची पूड तेल काढते, खडूला हात लावत नाही. व्हिनेगर कुणी सुचवलं तर हसून विषय बदला. वास आठवडाभर जात नाही. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल हलकं ठेवा आणि आत फार वेळ मुरवत ठेवू नका, आम्ल त्या धातूलाही खातं.

तेलाचा मळ दिसत नाही, वासाला येतो. आठवडाभर न धुतलेली मूठ नाकाशी धरा: खोबरेल जुनं झाल्यावर येतो तसा खवट वास. हाच वास पुढच्या कपात उतरतो आणि आपण बियांना दोष देतो. ज्या यंत्रांत कॉफी थांबली की उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, त्यांत बॅकफ्लश करायचा: बिनभोकाची बास्केट लावून चिमूटभर पूड घालायची, पंप दहा सेकंद चालवून थांबवायचा, असं पाच वेळा, मग तितक्याच वेळा नुसत्या पाण्याने. ट्रेमध्ये चहासारखं तपकिरी पाणी येतं ते पाहून पहिल्यांदा लाज वाटते. रोज कॉफी पीत असाल तर दर आठवड्याला करा. हा व्हॉल्व्ह नसलेल्या स्वस्त यंत्रांत मात्र बॅकफ्लश करू नका. त्या यंत्रांची मूठही कॉफी झाल्या झाल्या काढू नका, दाब आत असतो. गरम चोथा भिंतीवर आणि हातावर उडतो.

क्षार काढण्यात माझ्याकडून एक चूक झाली ती सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. वर सांगितलेला तो तुंबलेला बॉयलर मी उलगडून साफ केला, जुळवला आणि उरलंसुरलं जावं म्हणून लगेच आम्लाचं पाणी जोरात फिरवलं. नळ्यांतल्या खपल्या एकदम सुटल्या आणि त्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकल्या. व्हॉल्व्हचं भोक सुईच्या टोकाएवढं. पुन्हा उघडणं आलं. फार दिवस दुर्लक्षित यंत्र असेल तर फिकट द्रावण घ्या, थोडं सोडा, थांबा, पुन्हा थोडं सोडा. आणि पाणी मुळात चांगलं असेल तर हे वर्षातून एकदोनदाच करावं लागतं. दर महिन्याला क्षार काढतो असं अभिमानाने सांगणाऱ्याला मी पाण्याबद्दल विचारतो.

उरलेलं किरकोळ आहे, पण त्यातच यंत्रं मरतात. मूठ ज्या रबरी रिंगवर बसते ती उष्णतेने कडक होते. कुकरची रिंग जशी शिळ्या पापडीसारखी होते तशीच. मूठ पूर्वीपेक्षा जास्त फिरवावी लागते, कडेने थेंब गळतात, मग बदला. जोर लावून पिळत राहू नका. झुरळांना यंत्राच्या पाठीमागची ऊब फार आवडते. गावाला जाताना टाकी आणि ट्रे रिकामे करा, प्लग काढा. आणि दूध: वाफेची नळी दुधातून बाहेर काढल्याक्षणी ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच एकदा वाफ सोडा. अर्ध्या मिनिटाने पुसलं तर दूध शिजून नळीला चिकटतं. आणि वाफ सोडली नाही तर आतली वाफ निवताना नळी दूध वर ओढून घेते. त्या दुधाचं दोन दिवसांनी काय होतं, ते दुधाचं पातेलं विसळायला विसरलेल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हशीच्या दुधाचा फेस जड, पण चव भरदार. टोन्ड दुधाचा फेस पटकन येतो आणि तोंडात काहीच राहत नाही. मी दोन्ही अर्धं-अर्धं घेतो. 60-65 अंशांवर थांबा. भांडं हाताला सोसवेनासं झालं की बास.

या पुस्तिकेत कॉफीवरचं प्रकरण नऊ पानांचं आहे आणि पाण्यावरचं 22. छपाईआधी मुद्रितं मुलीला पाठवली तेव्हा तिचा फोन आला, "बाबा, हे कॉफीचं पुस्तक आहे की जलखात्याचा अहवाल?" मी पानं तशीच ठेवली. तिथल्या नव्या यंत्रात कुठलं पाणी घालतेस, एवढंच विचारलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बोअरचं असावं बहुतेक. थेंबांची बाटली मी तिला आधीच पाठवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर दोनच शब्दांचा निरोप आला: '11 थेंब.'